एकलहऱ्याचं वीज केंद्र आणि गोदावरीतले मासे : नक्की काय मागायचं?

गोदातीर

राम राम मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज धागा काढतोच.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाल्याचं जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. फ्लेमिंगो, करकोचे, चक्रवाक, सगळ्यांचे फोटो फिरले. पण रामसरच्या त्या माहितीत एका माशाचंही नाव आहे, ते कुणी वाचलं नाही. देवळाली मिनो. शास्त्रीय नाव पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटेरी. होरा आणि मिश्रा यांनी १९३८ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं, नमुने आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे, दारणा नदीतले. आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' आहे, म्हणजे आपल्या गिधाडांच्या पंक्तीला.

नांदूरमध्यमेश्वरच्या वरच्या अंगाला याच गोदावरीवर नाशिकजवळच्या एकलहऱ्याचं कोळशावर चालणारं औष्णिक केंद्र आहे. पहिले संच १९७०-७१ चे, ते बंद झाले. आज २१० मेगावॅटचे तीन चालतात. पाणी नदीतलं, बंधाऱ्यातून उचललेलं.

माझा प्रश्न साधा आहे. अशा केंद्राच्या रोजच्या कामकाजाचा नदीतल्या माशांवर नेमका कुठे कुठे परिणाम होतो? आणि आपण नागरिक म्हणून काय मागू शकतो, की जे मागितलं तर कुणी हसणार नाही? 'केंद्र बंद करा' हे उत्तर कृपया नको. माझा चुलत भाऊ तिथेच कंत्राटावर आहे आणि मे महिन्यात मलाही पंखा लागतो.

मिसळमास्तर

देवळालीच्या नावाचा मासा! आम्हाला देवळाली म्हटलं की तोफखाना आठवतो. वाचनखूण साठवली आहे.

कढीपत्ता

कसा लागतो? रस्सा की तळून?

गोदातीर

@कढीपत्ता, अतिसंकटग्रस्त लिहिलंय हो वर. आणि बोटाएवढा मासा. तुमच्या एका घासालाही पुरायचा नाही.

बॉयलरवाला

उभी हयात थर्मलमध्ये गेली. कुठल्या ते विचारू नका, पेन्शन सुखाने खातोय. जरा सविस्तर लिहितो, कारण या विषयावर व्हॉट्सॲपवर भलतंच फिरतं.

केंद्रात वाफ पुन्हा पाणी करायला गारवा लागतो. त्याचे दोन प्रकार. एक, नदीतून पाणी घ्या, कंडेन्सरमधून (वाफ गार करणाऱ्या नळ्यांच्या यंत्रातून) फिरवा आणि गरम झालेलं तसंच नदीत सोडा. असं केलं तर २१० च्या एका संचाला तासाला २५ हजार घनमीटरच्या वर पाणी लागतं. दुसरा प्रकार कुलिंग टॉवरचा. तेच पाणी गार करून पुन्हा पुन्हा फिरवायचं, वाफ होऊन उडालं आणि क्षार वाढले म्हणून सोडून दिलं, तेवढीच भर नदीतून घालायची. एकलहऱ्याला टॉवर आहेत. डिसेंबर २०१५ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने जुन्या केंद्रांना एका मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर ही मर्यादा घातली. ६३० गुणिले साडेतीन करा. तासाला २२०० घनमीटर. तिन्ही संच पूर्ण भाराने चालले तरी दिवसाला पाच कोटी लिटरच्या जरा वर. म्हणजे 'गरम पाण्याने मासे उकडून मेले' ही कथा इथे बसत नाही.

मग मासे कुठे मरतात? पाणी उचलतात तिथे. इनटेकच्या तोंडाशी आधी लोखंडी गजांचा ट्रॅशरॅक, त्यामागे फिरती जाळी. जाळीची भोकं साधारण एक सेंटिमीटरची. पावसाळ्याच्या तोंडी त्या जाळीवर काय काय येतं विचारू नका. पाणवेलीची मुळं, चपला, नारळ, निर्माल्याच्या गाठ मारलेल्या पिशव्या, आणि मासे. पाण्याची ओढ जास्त असली की मासा जाळीला चिकटतो. आडवा दाबला गेला की कल्ले उघडत नाहीत, संपला. वरून फवारा मारून जाळी धुतात आणि तो सगळा ऐवज पन्हळीतून खड्ड्यात जातो. आमच्याकडे त्या खड्ड्यावर बगळे शिफ्ट लावून बसायचे.

आणि हे झाले दिसणारे मासे. अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं भोकातून आरपार जातात. पुढे पंप, पुढे क्लोरीन (कंडेन्सरच्या नळ्यांत शेवाळ धरू नये म्हणून घालतात), पुढे गरम पाणी. आमच्याकडे त्यांची मोजदाद कधी झाली नाही. कोळशाचा टन न् टन मोजायचो.

शेपूची भाजी

बगळे शिफ्ट लावून =)) =))

ओव्हरटाइम मिळायचा का त्यांना?

दारणाकाठी

बॉयलरकाका, फार छान समजावलंत. पण @गोदातीर दादा, एक गल्लत होतेय. देवळालीचा मासा एकलहऱ्याच्या जाळीवर यायचा नाही.

माझं माहेर घोटीच्या बाजूचं. तिकडच्या ओढ्यांमध्ये दगडाला चिकटून राहणारे जे लहान मासे असतात त्यांना आमच्यात सरसकट मळ्या म्हणतात, त्यातला कुठला कोण हे शास्त्रज्ञांनीच सांगावं. देवळाली मिनो त्याच घडणीचा. पोट सपाट, तोंड खालच्या अंगाला, छातीचे पर दोन्हीकडे आडवे पसरलेले. वाहत्या पाण्यात धोंड्याला पोट लावून बसतो आणि त्यावरचं शेवाळ खरवडून खातो. त्याला स्वच्छ, खळाळतं, गार पाणी हवं. एकलहऱ्याच्या बंधाऱ्यातलं साचलेलं पाणी त्याच्या कामाचं नाही. दगडावर गाळाचा थर बसला, वाळू उपसली, ओढ्याला सिमेंटची भिंत घातली की त्याचं घरच जातं. त्यात वीज केंद्राचा हात शोधायला गेलात तर सापडणार नाही.

बंधाऱ्याचा मार बसतो तो दुसऱ्या माशांना. मृगाचा पहिला दणका झाला, पाणी गढूळ झालं की मासा धारेच्या उलट चढतो. चढणीचे मासे. पोटात गाभोळी असते, वरच्या उथळ पाण्यात अंडी टाकायला निघालेला असतो. बंधारा आडवा आला की भिंतीला थडकतो, उड्या मारतो, पुन्हा थडकतो. आणि तिथेच आपली माणसं जाळं लावून उभी! गाभोळीचा मासा चवीला भारी, म्हणून त्याला भावही जास्त. आमच्या घरीही आवडीने खायचे. तेव्हा सगळं पाप केंद्राच्या माथी मारू नका.

कढीपत्ता

गाभोळी... तांदळाच्या पिठात घोळवून... (मी जातो, मला इथे शोभत नाही.)

नळपट्टी_थकबाकी

सगळं वाचलं. साप सोडून भुई धोपटणं चाललंय.

रामकुंडाखाली कधी चालत गेलात का? तपोवन, टाकळी, पुढे दसक-पंचक. नाल्यांना नाकाला रुमाल लावल्याशिवाय उभं राहता येत नाही. मैलाशुद्धीकरण केंद्रं आहेत, पण न शुद्ध केलेलं किती नदीत जातं ते डोळ्यांना दिसतं. पाणवेली नदीभर पसरतात त्या काय केंद्राच्या धुराने? सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसतात. खाली कुजणारा सगळा माल ऑक्सिजन खातो, रात्री पाणवेलीची मुळंही. पहाटे जाऊन बघा, मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करत असतात. २५ अंशांच्या स्वच्छ पाण्यात एका लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना सात. म्हणजे तापमानाने एखादा मिलिग्रॅम जातो, आणि मैल्याने सगळाच. अशा पाण्यात टिकतात कोण? चिलापी आणि मांगूर. आधी शहराची घाण थांबवा, मग जाळीची भोकं मोजा.

मिसळमास्तर

थकबाकीसाहेबांशी सहमत. फक्त आयडी पाहता महापालिकेकडे मागणी करायचा हक्क त्यांना किती, ही शंका :)

सॅन_होजेकर

मूळचा नाशिकरोडचा, आता कॅलिफोर्नियात. इथलं एक उदाहरण देतो.

इथे सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन या नद्यांच्या मुखाशी डेल्टा स्मेल्ट नावाचा मासा आहे. पाच-सात सेंटिमीटर लांब, वर्षभराचं आयुष्य. १९९३ मध्ये त्याला कायद्याने संरक्षण मिळालं. पिट्सबर्ग आणि अँटिओकजवळची दोन जुनी केंद्रं याच पाण्यावर चालायची, बॉयलरकाकांनी सांगितलेल्या पहिल्या प्रकाराने, टॉवरशिवाय. मग वर्षानुवर्षं वाद, सुनावण्या, उपाय. पिल्लं त्या भागात असतात त्या महिन्यांत पाण्याची उचल कमी करा, बारीक जाळ्या बसवा, अधिवासासाठी पाणथळ जमीन राखा. २०१४ च्या अमेरिकी नियमात एक आकडा आहे तो लक्षात ठेवण्यासारखा: जाळीतून जाणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा फूट, म्हणजे १५ सेंटिमीटर. याच्या आत ठेवलात तर बहुतेक मासे पोहून सुटू शकतात.

आता थकबाकींच्या बाजूने एक गोष्ट. ती दोन्ही जुनी केंद्रं आता बंद आहेत. स्मेल्ट परत आला का? नाही. पाहणीच्या जाळ्यात तो आता जवळपास सापडतच नाही. कारण डेल्टातलं पाणी शेतीला आणि शहरांना उपसून नेणारे मोठे पंप, दुष्काळ, बाहेरून आलेले जीव, हे सगळं होतंच.

नळपट्टी_थकबाकी

म्हणजे मी म्हणतो तेच.

सॅन_होजेकर

नाही. तुम्ही म्हणता 'आधी हे, मग ते'. इथे तीस वर्षं प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत बसला आणि मासा गेला.

सह्यवेडा

वीज कंपनीने मासे जगवल्याचं उदाहरण आपल्याकडेही आहे की. टाटांची लोणावळ्याजवळ वळवणला महसीर माशाची हॅचरी (अंडी उबवून पिल्लं वाढवायचं केंद्र) आहे, सत्तरच्या दशकापासून. खोपोली, भिवपुरी, भिरा या जलविद्युत केंद्रांच्या तलावांमुळे महसीरची पैदास सुरू झाली, लाखो बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) देशभर गेली. टॉर खुद्री, म्हणजे दख्खनचा महसीर, लाल यादीत आधी 'संकटग्रस्त' होता, तो 'धोका नाही' या गटात आला. एकलहऱ्यालाही अशी हॅचरी मागा!

बेळगावी कुंदा

सह्यवेडा, जरा थांबा. लोणावळ्याची हीच बोटुकली कावेरीत सोडली गेली. तिथे आधीपासून मोठ्या कुबडाचा, नारिंगी परांचा महसीर होता, टॉर रेमादेवी, जगात दुसरीकडे कुठे नाही. आपल्या खुद्रीने तिथे बस्तान बसवलं आणि तो मागे हटला. २०१८ पासून तो 'अतिसंकटग्रस्त' आहे. हेतू चांगला होता हो, पण एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडणं म्हणजे पाहुण्याला घराच्या किल्ल्या देणं. हॅचरी मागाल तर तिथल्याच नदीतल्या जनक माशांची मागा, नाहीतर नको.

सह्यवेडा

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. मग वाळणकोंडासारखं काही? महाडजवळ डोहातले महसीर देवाचे म्हणून कुणी धरत नाही. देहूला इंद्रायणीतही तसंच. हॅचरी नाही, खर्च नाही, फक्त डोह राखायचा.

अवांतर: घाटघरचा उदंचन प्रकल्प पाहिलात का कुणी? २५० मेगावॅटचा. वरचं धरण प्रवरेवर, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यात. खालचं घाटाखाली चोंढ्याला, पश्चिमेकडे वाहणाऱ्या पाण्यावर. विजेची गरज वाढली की पाणी खाली सोडायचं, रात्री पुन्हा वर चढवायचं. दोन खोऱ्यांचं पाणी रोज एकमेकांत मिसळतं. आता सह्याद्रीत असे आणखी प्रकल्प येऊ घातलेत. पाण्याबरोबर अंडी-पिल्लं इकडची तिकडे जाणारच, त्याचा अभ्यास कोण करणार?

शेपूची भाजी

राज्याचा मासा पापलेट ठरवून झालाय २०२३ मध्ये. गोड्या पाण्यातल्यांनी रांगेत उभं राहावं.

ओझरकर

धागा चांगला चाललाय, एक अडचण मांडतो.

२०१६ च्या वीज दर धोरणात असं आहे की मैलाशुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी शुद्ध केलेलं सांडपाणी वापरावं. कोराडीत ते होतं, नागपूरच्या भांडेवाडीचं पाणी जातं. एकलहरे तर नाशिकच्या कुशीत. मग सोपं आहे ना? शहराचं सांडपाणी केंद्राला द्या, थकबाकींची घाण कमी, गोदातीरांची नदीतून होणारी उचल बंद, माशांना मोकळीक.

गोदातीर

@ओझरकर, मलाही आधी हेच उत्तर वाटायचं. पण जरा खोलात जा.

उन्हाळ्यात गोदावरीत स्वतःचं पाणी असतंच किती? केंद्रासाठी गंगापूर धरणसमूहातून नदीत पाणी सोडतात, ते बंधाऱ्यापर्यंत येतं. मे महिन्यात त्या पट्ट्यातले मासे त्या सोडलेल्या पाण्यावरही तगतात. ज्या दिवशी केंद्र पाइपाने सांडपाणी घ्यायला लागेल त्या दिवशी 'आता नदीत पाणी सोडायची गरज काय' असं कुणीतरी म्हणणार, आणि ते पाणी शहराला नाहीतर कालव्याला जाणार. केंद्राची तहान भागली आणि नदी कोरडी, असं व्हायचं. दुसरं, खालच्या गावातले शेतकरी आज त्याच सांडपाण्यावर मोटारी लावून बसलेत. त्यांचंही पाणी तुटणार.

म्हणून माझं म्हणणं असं की सांडपाणी जरूर द्या, पण वाचलेलं पाणी नदीतच राहील असं लिहून घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये सांगितलंच आहे की नद्यांमध्ये कोरड्या हंगामाच्या सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी वाहतं ठेवा.

दारणाकाठी

पटलं. आणि पाणी सोडण्यातही एक पद्धत हवी. आवर्तन सुरू होतं तेव्हा मासा नव्या पाण्याबरोबर उथळ खडकांवर पसरतो. मग एका रात्रीत गेट बंद. सकाळी खडकांच्या खळग्यांमध्ये पाणी गुडघ्याच्या खाली, दुपारपर्यंत ते कोमट, आणि लेकरं टोपल्या घेऊन हाताने मासे वेचतात. वाम तेवढी चिखलात शिरून तग धरते, खवल्यांचे मासे राहत नाहीत. बंद करायचंच असेल तर दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने करा. याला पैसा लागत नाही, गेट फिरवणाऱ्याला कागद लागतो.

बॉयलरवाला

ताईंनी लाख मोलाची गोष्ट सांगितली. सगळ्यात स्वस्त उपाय हाच.

बाकी मूळ प्रश्नावर येतो, गोदातीर वाट पाहून दमले असतील. केंद्राकडे काय मागायचं, तर:

इनटेकवर जाळीची भोकं किती, जाळीसमोर पाण्याचा वेग किती, हे दोन आकडे. वेग कमी करायला दरवेळी नवा पंप लागत नाही. जाळी कचऱ्याने बुजली की उरलेल्या भोकांतून ओढ वाढते, तेव्हा नुसती वेळेवर धुतली तरी निम्मं काम होतं. मृगापासून श्रावणापर्यंत पिल्लांचा काळ, त्यात शक्य तेवढी उचल साठवण तलावातून करावी. धुतलेले मासे खड्ड्यात न टाकता वेगळ्या पन्हळीने नदीत परत सोडावेत. बगळ्यांनी आपली सोय पाहावी. आणि राखेच्या तळ्याचं पाणी नदीत अजिबात येता कामा नये. राखेचा बारीक थर तळाच्या खडीवर बसला की खडीत टाकलेली अंडी गुदमरतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

हॅचरी, फिश लिफ्ट (माशांना बंधाऱ्यापलीकडे चढवणारा पाळणा) वगैरे नंतर. आधी आकडे.

ओझरकर

आकडे मिळवायचे कसे? गेटवर जाऊन विचारलं तर वॉचमन हाकलतो.

गोदातीर

प्रत्येक उद्योगाला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पर्यावरण विवरणपत्र द्यावं लागतं, फॉर्म पाच. त्यात पाण्याचा वापर असतो. माशांचं काही नसतं, म्हणून बाकीचं माहिती अधिकारात विचारायचं. बॉयलरकाकांचे दोन आकडे, जाळीवर आलेल्या माशांची नोंद ठेवतात का, आणि जलसंपदा खात्याकडे गेल्या उन्हाळ्यातल्या आवर्तनांच्या गेट उघडण्या-बंद करण्याच्या तारखा. दोन वेगळे अर्ज. मसुदा मी टाकतो, काका तपासतील ना?

दुसरं, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत नदीतल्या माशांची नावं आहेत का ते पाहायला हवं. भोई मंडळींना बसवून विचारलं तर एका दुपारीत यादी निघेल, कुठला मासा कधीपासून जाळ्यात आला नाही त्यासकट.

बॉयलरवाला

तपासतो. एकच सूचना, 'मासे मारता का' असं विचारू नका. 'इनटेक स्क्रीनचा मेश साइज व ॲप्रोच व्हेलॉसिटी' असं लिहा. पहिल्याला 'माहिती उपलब्ध नाही' येतं, दुसऱ्याला ड्रॉइंग काढावं लागतं.

नळपट्टी_थकबाकी

तिसरा अर्ज महापालिकेला. रोज किती मैलापाणी येतं, किती शुद्ध होतं, बाहेर पडताना बीओडी (घाण कुजताना किती ऑक्सिजन खाईल त्याचं माप) किती. हा नसेल तर माझी सही नाही.

गोदातीर

मान्य. तिसरा तुम्हीच लिहा.

दारणाकाठी

भोई मंडळींकडे जाणार असाल तर आषाढाच्या आधी जा. नंतर ती चढणीच्या मागे असतात, घरी सापडत नाहीत.

कढीपत्ता

मी येतो त्यांच्याकडे. फक्त यादी करायला. देवाशप्पथ.